तळ्यावर गरवायला जाताना साहित्य कशात न्यावे? पेटी, खणांचे डबे, पिशवी, सॅक आणि बादली यांचा तुलनात्मक आढावा

गोव्यात गळ टाकण्याची हौस असलेला माणूस सहसा एकाच पाण्याशी बांधलेला नसतो. एका रविवारी तो मांडवीच्या किंवा शापोऱ्याच्या काठावर चोणकाची वाट पाहत उभा असतो, तर पुढच्या रविवारी डिचोली-सत्तरीकडच्या एखाद्या तळ्यावर मरळ, तिलापिया किंवा रोहूच्या मागे जातो. साहित्य मात्र बहुधा एकच असते आणि ते स्कूटरवरून न्यावे लागते. परदेशी परीक्षणे वाचून टॅकल बॉक्स (गरवण्याच्या साहित्याची पेटी) मागवणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच, कारण त्या परीक्षणांत मोटारीची डिकी, स्वतःची होडी आणि कोरडी हवा गृहीत धरलेली असते. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, पाऊस नसतानाही हवेत ओल असते, आणि खाडीवर वापरलेल्या गळांवर मीठ चिकटलेले असते. त्यामुळे येथे कोणत्याही साधनाची पारख दोन प्रश्नांवर करावी: ते स्कूटरवर नीट बसते का, आणि त्यात ठेवलेले लोखंड किती दिवस टिकते.

निवड करण्यापूर्वी आपण कसे गरवतो हे स्वतःशी ठरवून घेणे आवश्यक आहे. पिठाचा गोळा किंवा गांडूळ लावून एकाच जागी दोन-तीन तास बसणाऱ्याला थोडे गळ, शिसे (गळ बुडवणारी वजने), तरंगे, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) आणि आमिषाचा डबा एवढेच लागते. ल्यूर, म्हणजे गळ लावलेले नकली आमिष, फेकत काठाकाठाने फिरणाऱ्याचे तसे नसते. त्याला दर काही मिनिटांनी ल्यूर बदलावा लागतो, दोन्ही हात मोकळे लागतात आणि ओझे अंगावरच ठेवावे लागते. या दोघांना एकच साधन सारखेच सोयीचे ठरेल, अशी अपेक्षा करू नये.

दुकानात सर्वांत आधी नजरेत भरते ती झाकण उघडताच पायऱ्यांसारखे कप्पे वर येणारी पेटी. तिचा मोठा गुण म्हणजे सगळे साहित्य एका नजरेत दिसते, आणि ज्याला अजून आपल्या गळांचे क्रमांक पाठ नाहीत अशा नवशिक्याला त्याचा खरोखर उपयोग होतो. पण ती भरली की जड होते, एक हात कायमचा अडवते, आणि कडी नीट न लावता उचलली तर सगळे कप्पे एकमेकांत रिकामे होतात. स्कूटरच्या पायदानावर ती बसते, मात्र मग पाय ठेवायला जागा उरत नाही आणि चोर्ल्याकडच्या वळणावळणाच्या रस्त्यावर ते धोक्याचे आहे. ही पेटी चारचाकीने जाऊन एका जागी बसणाऱ्यासाठी आहे.

तिच्या जागी आता जगभर रुळले आहेत ते खणांचे चपटे, पारदर्शक डबे. प्लॅनो कंपनीच्या 3600 आणि 3700 या क्रमांकांचे आकार इतके प्रचलित झाले की इतर उत्पादकांच्या पिशव्याही त्याच मापाने शिवल्या जातात. 3600 हा साधारण 28 सेंटिमीटर लांब आणि 18 सेंटिमीटर रुंद असतो, तर 3700 साधारण 36 सेंटिमीटर लांब आणि 23 सेंटिमीटर रुंद असतो. माझा कौल स्पष्टपणे लहान आकाराला आहे. मोठ्या डब्यात जागा आहे म्हणून माणूस भरत जातो, आणि तळ्यावर त्यातले निम्मे साहित्य हातातही घेतले जात नाही. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू आणि वॉशर ठेवण्यासाठी मिळणारा खणांचा डबा हा स्वस्त पर्यायही वाईट नाही. फक्त त्याच्या मधल्या पट्ट्या तळापर्यंत घट्ट बसतात की नाही ते पाहून घ्यावे, कारण पट्टीखाली फट राहिली की बारीक स्विव्हल (तंगुसाला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कड्या) आणि 8 क्रमांकाचे छोटे गळ शेजारच्या खणात सरकतात. तीन काट्यांच्या गळाचे दोन ल्यूर एका खणात कधीही ठेवू नयेत. रस्त्यावरच्या धक्क्यांनी ते एकमेकांत असे गुंततात की अंधार पडता पडता ते सोडवताना बोटात काटा घुसण्याचीच शक्यता अधिक.

आता खऱ्या वादाचा मुद्दा: डबा जलरोधक घ्यावा की साधा? रबरी कडा असलेला जलरोधक डबा महाग असतो आणि गोव्याच्या पावसाकडे पाहता तोच घ्यावा असे कोणालाही वाटेल. मात्र बाहेरचे पाणी आत येऊ न देणारी कडा आतले पाणीही बाहेर जाऊ देत नाही. पाण्यातून काढलेला ल्यूर वरवर पुसून डब्यात ठेवला, तरी गळ ज्या कडीत अडकवलेला असतो त्या दुहेरी कडीच्या वळ्यांमध्ये पाण्याचा एक थेंब राहतोच. बंद डब्यात तो थेंब वाळत नाही. एक-दोन दिवसांत त्या कडीवर तपकिरी छटा येते, मग ती गळाच्या टोकापर्यंत उतरते, आणि आठवड्याने शेजारच्या पांढऱ्या ल्यूरच्या पोटावरही गंजाचा डाग उमटलेला दिसतो. साध्या, हवा खेळणाऱ्या डब्यात हे उशिरा घडते. म्हणून जलरोधक डबा त्यानेच घ्यावा ज्याला घरी आल्यावर तो उघडा करून रात्रभर पंख्याखाली ठेवण्याची शिस्त आहे. तशी शिस्त असेल तर पावसाळ्यात त्याच्याइतके चांगले साधन नाही. ती नसेल तर साधा डबा घ्यावा आणि पावसात तो पिशवीच्या आत राहील एवढे पाहावे. सिलिका जेलच्या पुड्या दोन्ही डब्यांत उपयोगी पडतात, पण ओल शोषून त्यांची क्षमता संपते आणि त्या वेळोवेळी मंद आचेवर वाळवाव्या लागतात, हे विसरले जाते. गंज रोखणारी वाफ हळूहळू सोडणाऱ्या पट्ट्या असलेले डबेही मिळतात. ते उपकारक आहेत, पण मिठाने भरलेल्या गळाला तेही वाचवू शकत नाहीत. मीठ हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे खाडीवर वापरलेला एकच न धुतलेला ल्यूर तळ्याच्या डब्यात आला तरी तो बाकीच्यांनाही बिघडवतो. खाऱ्या पाण्यासाठी डबा वेगळा ठेवणे हाच यावरचा भरवशाचा उपाय आहे.

रबरासारख्या मऊ ल्यूरची गोष्ट निराळी. त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य काही कडक प्लास्टिकला विरघळवते, आणि डब्याचा तळ चिकट होऊन बसतो. वेगवेगळ्या रसायनांचे मऊ ल्यूर एकत्र ठेवले तर ते एकमेकांतही वितळतात. ते मूळच्या पाकिटांतच ठेवावेत. स्कूटरच्या सीटखालीही ते ठेवू नयेत. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये तेथे सुमारे 18 लिटरची जागा असते खरी, पण एप्रिल-मे महिन्यांत इंजिनाच्या उष्णतेने ती इतकी तापते की ल्यूरची शेपूट वाकडी होऊन पाण्यात नीट हलतच नाही.

डबे कशात न्यायचे, यासाठी खांद्यावरची पिशवी आणि पाठीवरची सॅक असे दोन मुख्य पर्याय आहेत. सॅकमध्ये वजन दोन्ही खांद्यांवर विभागले जाते, स्कूटर चालवताना ती आड येत नाही, आणि पाण्याची बाटली व रेनकोटही मावतो. तिची अडचण काठावर गेल्यावर कळते. प्रत्येक वेळी ल्यूर बदलण्यासाठी ती उतरवावी लागते, आणि पावसाळ्यात खाली ठेवायला मिळतो तो जांभ्याचा तांबडा चिखल, ज्याचा डाग कापडावरून जात नाही. एका खांद्यावरून तिरकी घालायची स्लिंग पिशवी न उतरवताच पुढे ओढता येते, तिच्याच आडव्या पृष्ठभागावर डबा उघडता येतो, आणि लगेच मागे ढकलता येते. मासा उचलायला वाकल्यावर ती पुढे लोंबते, म्हणून कमरेला बांधायचा दुसरा पट्टा असलेलीच घ्यावी. जिथे गरवायला मुभा आहे अशा मोठ्या जलाशयाच्या काठाने लांबवर चालायचे असेल तर सॅक बरी. मयेच्या तळ्याएवढ्या पाण्यावर स्लिंग पुरते. दोन्हींतही तळ साच्यात घडवलेला, कडक आणि पाणी न शोषणारा हवा, आणि चेन प्लास्टिकची हवी, कारण धातूची चेन खाऱ्या वाऱ्याने जाम होते.

बसून गरवणाऱ्यासाठी मात्र मला 20 लिटरची रंगाची रिकामी बादलीच सर्वांत चोख वाटते. कडेला डबा उभा राहतो, झाकणावर बसता येते, परतताना मासळी त्यातच येते. फक्त आमिषाचे पीठ घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात ठेवावे, नाही तर काठावर टेकताच मुंग्या चढतात. गोव्याच्या गोड्या पाण्यातही मगरी आहेत, म्हणून बादली अगदी पाण्याच्या कडेला मांडू नये.

रॉडसाठी फार विचार नको. सात फुटांचा दोन तुकड्यांचा रॉड स्कूटरवर साडेतीन फुटांचा होतो, आणि नळकामाच्या तीन इंची पीव्हीसी पाइपला दोन्ही बाजूंनी टोपी लावली की तो सुरक्षित राहतो.

कोणतेही साधन घेतले तरी त्यात तुटक्या तंगुसासाठी एक रिकामी बाटली आणि शिशासाठी बंद झाकणाचा छोटा डबा असलाच पाहिजे. काठावर सांडलेले शिशाचे बारीक मणी पाणपक्षी खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. याच कारणाने ब्रिटनमध्ये 1987 साली 28.35 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. करमळीचे तळे पक्ष्यांसाठी ओळखले जाते आणि कुडचड्याचे नंदा तळे 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. अशा मुलखात गरवणाऱ्याने एवढी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

पहिल्यांदाच खरेदी करत असाल आणि दुचाकीने जात असाल, तर दोन लहान साधे डबे आधी घ्यावेत, त्यांत आपले साहित्य लावून पाहावे, आणि मग ते डबे सोबत नेऊन त्यांच्या मापाची स्लिंग पिशवी घ्यावी. एका डब्यात गळ, शिसे, स्विव्हल आणि तरंगे. दुसऱ्यात त्या दिवसाच्या पाण्याला साजेसे मोजके ल्यूर. बाहेरच्या खिशात पकड, नेलकटर आणि जुना पंचा. पायऱ्यांची मोठी पेटी आधीच घेऊन झाली असेल तर ती टाकण्याचे कारण नाही. ती घरात कोरड्या जागी साठ्यासाठी ठेवावी आणि निघण्याच्या आदल्या रात्री तिच्यातून लागेल तेवढेच लहान डब्यांत भरून घ्यावे.