कोड लिहून देणारा चॅटबॉट, सहा महिने वापरून – साडेतीन स्टार

मी इंदूरला विजयनगरात बिलिंग सॉफ्टवेअरचं काम करतो, पेड प्लॅन घेतलाय. एसक्यूएल क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायच्या आज्ञा), रेजेक्स (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं), टेस्ट केसेस अशी रटाळ कामं हा झकास करतो, अर्धी दुपार वाचते. पण मागच्या महिन्यात एका नमकीनवाल्यासाठी टॅक्सचं फंक्शन लिहून घेतलं, कोड इतका देखणा की मी नीट वाचलाच नाही (चूक माझीच) आणि त्यात पॅकबंद शेवेवर १२ टक्के जीएसटी! अहो, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झालाय, पण ह्याचं शिक्षण जुन्या डेटावरचं ना. सांगितल्यावर लगेच माफी, मग दुरुस्त करता करता चांगलं चाललेलं राउंडिंग बिघडवून ठेवलं. संध्याकाळी दुकानातून फोन, "भिया, गल्ल्यात आणि बिलात फरक कसा येतोय?" काय सांगणार! एकदा तर नसलेलीच लायब्ररी (तयार कोडचा संच) इम्पोर्ट करायला लावली, एनपीएमवर, म्हणजे अशा लायब्ररी जिथे मिळतात तिथे, तासभर शोधत बसलो. आमच्या टीममधल्या ताई म्हणतात, नव्या ज्युनियरचा कोड बघतोस तसा ह्याचाही बघ. आता टॅक्सचे दर सगळे वेगळ्या टेबलात ठेवलेत, तिथे त्याला हात लावू देत नाही. प्लॅन मात्र रिन्यू केलाय, रेजेक्स परत हाताने कोण लिहिणार!