ईझी-आयओ ड्रिल आणि गुलाबी सुई: लहान मुलांसाठी कितपत सुरक्षित?

मे महिन्यात जुलाब-उलट्यांनी सुकलेलं किंवा पावसाळ्यात डेंग्यूच्या शॉकमध्ये गेलेलं मूल गोंदिया-भंडाऱ्याहून नागपूरला येतं, तेव्हा हाताला शीर लागेलच याचा भरवसा नसतो. दोनदा टोचून शीर मिळाली नाही की नडगीच्या हाडातून सलाईन सुरू करावं. त्यासाठी ईझी-आयओ, म्हणजे हाडात सुई बसवायचं बॅटरीवरचं ड्रिल, इमर्जन्सी ट्रॉलीत असायलाच हवं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पालक पहिल्यांदा विचारतात ते हाडाच्या वाढीबद्दल. ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो भाग, गुडघ्याच्या सांध्याजवळ, नडगीवरच्या उंचवट्याच्या वर असते. सुई त्या उंचवट्यापासून 1 सेंमी आतल्या बाजूला आणि 1 सेंमी खाली, हाडाच्या सपाट भागावर लावायची. अशा मुलांचे नंतर एक्स-रे काढून पाहिले गेले आहेत. दोन्ही पायांच्या लांबीत म्हणण्याजोगा फरक दिसलेला नाही.

धोका आहे तो पोटरीत सलाईन झिरपण्याचा. गुलाबी सुई 15 मिमीची, 3 ते 39 किलोंसाठी. पण तान्ह्या बाळाची मज्जेची पोकळी इतकी अरुंद असते की जोर लावला तर सुई पलीकडून बाहेर पडते. म्हणून आधी ड्रिल न चालवता सुई हाडाला टेकवावी. कातडीच्या वर सुईवरची काळी रेघ दिसली तरच बटण दाबावं. दाब हलका ठेवावा आणि अडथळा अचानक सुटल्याचं हाताला जाणवताच थांबावं. सहा महिन्यांखालच्या बाळाला हाताने फिरवायची सुई जास्त ताब्यात राहते.

सुई नीट बसली का हे पाहताना सिरिंजमध्ये मज्जा ओढून येईलच असं नाही. सुई ताठ उभी हवी आणि 2 ते 5 मिली सलाईन ढकलताना दुसरा हात पोटरीखाली हवा. फुगवटा लागला तर सुई काढावी आणि दुसरा पाय घ्यावा. त्याच हाडात पुन्हा टोचलं तर पहिल्या भोकातून गळतं. शुद्धीवरच्या मुलाला हे ढकलताना फार दुखतं. त्याआधी प्रिझर्वेटिव्ह नसलेलं 2 टक्के लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) किलोमागे 0.5 मिग्रॅ, दोन मिनिटांत सावकाश द्यावं.

बाटली उंच टांगून भागत नाही, धार मंदच राहते. थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून 20 मिलीच्या सिरिंजने ढकलावं: 10 किलोच्या मुलाला किलोमागे 10 मिली म्हणजे पाच सिरिंज. दर सिरिंजमागे पोटरी चाचपावी, कारण गळती बऱ्याचदा उशिरा सुरू होते.

उणीव किमतीची. सुया एकदाच वापरायच्या, ड्रिल चार्ज होत नाही, लाल दिवा लागला की नवं घ्यावं लागतं. लहान दवाखान्याने हाताने फिरवायची सुई ठेवली तरी चालेल.

नागपुरात धंतोलीच्या खाजगी रुग्णालयात किंवा मेडिकलला (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात) रेफर करताना सुई लावल्याची वेळ पट्टीवरच लिहावी. ती 24 तासांच्या आत निघायला हवी: लुअर-लॉक (फिरवून घट्ट बसणारी) सिरिंज जोडून, घड्याळाच्या दिशेने फिरवत, सरळ वर. डावी-उजवीकडे हलवली तर मोडू शकते.