बाळंतपणाच्या रजेत बदली माणूस पुरवणाऱ्या एजन्सी: सेवा चांगली, छापील करार वाईट

बाळंतपणाच्या रजेवरून भांडण पगाराचं दिसतं, पण छोट्या मालकाचा जीव अडकलेला असतो तो ‘तिचं काम कोण करणार?’ यात. रजेपुरता बदली माणूस देणाऱ्या एजन्सी नेमकी ही अडचण सोडवतात. त्यांनी पाठवलेली माणसं बहुधा कामाची असतात. पाणी मुरतं ते करारात.

सगळ्यात घातक कलम तारखांचं. छापील मसुद्यात ‘अमुक ते अमुक तारीख’ असते आणि बाळ ती तारीख पाळत नाही. ३७ आठवडे भरण्याआधीच प्रसूती झाली तर बदली माणूस आलेलाच नसतो. उशीर झाला तर उलटी पंचाईत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या १८३ व्या कन्व्हेन्शनप्रमाणे (म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे) प्रसूतीआधीची रजा तेवढे दिवस वाढते आणि त्यापायी प्रसूतीनंतरच्या सक्तीच्या रजेला कात्री लावता येत नाही. रजा लांबते, बदलीची मुदत मात्र संपून जाते. म्हणून ‘मूळ कर्मचारी रुजू होईपर्यंत’ असेच शब्द घालून घ्या आणि मुदतवाढीचा दर सही करण्याआधी ठरवा.

बदली माणूस अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधी आणावा. एजन्सी म्हणते, काम समजून घ्यायला आठवडा पुरतो. हिशेबाच्या कामात नाही पुरत. एक महिनाअखेर तरी दोघांनी मिळून काढायला हवी. आणि लॉगिन वेगळं द्या. रजेवर गेलेल्या बाईच्याच पासवर्डने काम चाललं की बदलीने केलेल्या चुकाही नोंदीत तिच्या नावावर पडतात.

‘सहा महिन्यांनंतर बदली माणूस विनाशुल्क कायम करा’ ही सवलत दिसली की कलम खोडायला लावा. हे सरळसरळ आमिष आहे. त्याच कन्व्हेन्शनप्रमाणे परतणाऱ्या बाईला तीच किंवा तोलामोलाची जागा, त्याच पगारावर, मिळायला हवी; कामावरून काढलं तर कारण बाळंतपणाचं नव्हतं हे मालकानेच सिद्ध करायचं.

खर्च परवडतो का, हे रजेचा पगार कोण देतं यावर आहे. तो सामाजिक विम्यातून येत असेल तर वाचलेल्या पगारात बदलीचा पगार निघतो, वर फक्त कमिशन. मालकालाच द्यावा लागत असेल तर एका खुर्चीचे दोन पगार, आणि पाच माणसांच्या कचेरीत ते झेपत नाहीत. ही तक्रार खरी आहे, पण ती सरकारकडे करायची. गरोदर बाईवर राग काढून काय उपयोग? कन्व्हेन्शनचाही रोख हाच, की हा भार एकेकट्या मालकावर न टाकता विम्यातून किंवा सरकारी निधीतून उचलावा.

बाई परत रुजू झाल्यानंतरचा पहिला महिना बहुतेक एजन्सी विसरतात. स्तनपानासाठीची सुट्टी कामाच्या वेळेतच धरायची असते, त्यामुळे बदली माणूस त्या महिन्यात अर्धा दिवस मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा.