स्कॅनर, हेडसेट की दिवे?

भिवंडीतल्या गोदामासाठी पिकिंगची, म्हणजे ऑर्डरप्रमाणे खणांतून माल काढून गोळा करण्याची, यंत्रणा घ्यायचा विचार असेल, तर आधी एक दिवस पिकरच्या मागे चालून बघा. त्याचा बराचसा वेळ माल उचलण्यात नाही, चालण्यातच जातो, आणि हातातलं कुठलंही यंत्र ती पायपीट फारशी वाचवत नाही. जास्त खपाचा माल डिस्पॅचजवळ, कंबर ते खांदा या उंचीवर आणा. हे काम खरेदीच्या आधीचं.

हातातला स्कॅनर सुरुवातीला स्वस्त पडतो आणि चुकीचा बारकोड जागीच पकडतो. औषधांचा माल असेल, बॅच नंबर नि एक्स्पायरी टिपायची असेल, तर मी दुसरं काही सुचवणार नाही. पण एक हात अडकतो. प्रत्येक खोक्याला स्कॅनर ठेवा, परत उचला. बोटात घालायचा स्कॅनर घेतलात तर हा त्रास जातो.

किराणा, कोल्ड स्टोरेज, जड खोकी असतील तर माझं मत हेडसेटला. कानात खण नंबर येतो, पिकर खणावरचे तपासणीचे अंक बोलतो, मग किती नग ते कळतं. दोन्ही हात मोकळे, नजर मालावर, हातमोजे काढायला नकोत. जुन्या माणसांना मात्र ते अंक पाठ होतात आणि ती न बघताच बोलतात, म्हणून अंक अधूनमधून बदलावे लागतात. शिवाय भिवंडीत भोजपुरी, उडिया, मराठी असे सगळे उच्चार एका पाळीत असतात. विक्रेत्याच्या माणसावर नको, आपल्याच माणसांवर, पंखे नि फोर्कलिफ्ट चालू असताना चाचणी घ्या.

खणावरचे दिवे, म्हणजे ज्या खणातून माल घ्यायचा त्यावर दिवा लागतो, छोट्या सुट्या भागांसाठी फार वेगवान. पण खण वाढले की खर्च वाढतो, म्हणून ते फक्त भरभर खपणाऱ्या मालाच्या खणांवर लावा. दोन पिकर एकाच भागात असतील तर कुणाचा दिवा कुठला हे ओळखायला त्यांना लाल-हिरवे दिवे देऊ नका. काहींना तो फरक दिसत नाही.

रोबोंनी रॅकच माणसापाशी आणायची पद्धतही आहे. अशी यंत्रणा बनवणारी ‘किवा सिस्टिम्स’ ही कंपनी अ‍ॅमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलरला घेतली. पायपीट संपते, पण एकाच जागी तीच वळण्याची हालचाल पाळीभर होते. माणसं दर दोन तासांनी बदलायची तयारी असेल तरच घ्या.

यातली बहुतेक यंत्रं वेळेचीही नोंद ठेवतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२२ पासून मोठ्या गोदामांना कामगाराकडून अपेक्षित वेग लेखी कळवावा लागतो, आणि त्या वेगापायी जेवण किंवा शौचालयाची सुट्टी बुडता कामा नये. आपल्याकडेही वेग ठरवताना हा वेळ आधी वजा करा.