पोलिसांपुढचा जबाब की मॅजिस्ट्रेटपुढचा?
किल्ला कोर्टाच्या जिन्यात एका ज्युनियरने गाठलं. "मॅडम, साक्षीदार फितूर झालाय. १६१ दाखवू की १६४?" फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १६१ म्हणजे पोलिसांपुढचा जबाब, १६४ म्हणजे मॅजिस्ट्रेटपुढचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही कलमं १८० आणि १८३ झालीत, पण जुने आकडे तोंडातून जात नाहीत.

सही आणि शपथ बघा. पोलिसी जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, म्हणून "मी असं बोललोच नाही" म्हणायला तो मोकळा. १६४ चा जबाब शपथेवर, त्यामुळे उलटताना खोट्या साक्षीची टांगती तलवार.

उपयोग? पोलिसी जबाब कोर्टातल्या साक्षीशी विसंगती दाखवण्यापुरता, तोही सरकारी वकिलाला कोर्टाच्या परवानगीनेच. १६४ चा त्या साक्षीच्या पुष्टीलाही चालतो. मूळ पुरावा, म्हणजे ज्याच्या एकट्याच्या आधारे गोष्ट सिद्ध धरता येईल असा, मात्र दोन्ही नाहीत. भलेभले इथे घसरतात.

मेहनत पोलिसी जबाबाला जास्त. नेमकं वाक्य साक्षीदाराला वाचून दाखवायचं, त्यावर 'भाग अ' अशी खूण करायची, त्याने नाकारलं की तपास अधिकाऱ्याकडून शाबीत करून घ्यायचं. अधिकाऱ्याला विचारायचं राहिलं की सगळं मुसळ केरात.

बचावाला १६१ बहुधा पुरतो, कारण त्यात न सांगितलेली, पण कोर्टात सांगितलेली महत्त्वाची गोष्टही विसंगती ठरू शकते. साक्षीदार डळमळीत वाटत असेल तर सरकार पक्षाने तपासातच १६४ करून घ्यावा.