गोल्फचा सेट: अस्सल ब्रँडचा की हुबेहूब नक्कल?

सातारा-सांगलीहून रविवारी पुण्याला गोल्फ खेळायला जाणाऱ्याला नावाजलेल्या ब्रँडचा सेट ऑनलाइन निम्म्या किमतीत दिसला, की मोह होतोच. फोटोत दोन्ही सारखे दिसतात. फरक वजनात आणि कोनात असतो.

अस्सल आयर्नमध्ये, म्हणजे धातूच्या डोक्याच्या, नंबर घातलेल्या क्लबांमध्ये (काठ्यांमध्ये), लागोपाठच्या दोन क्लबांत साधारण अर्धा इंच लांबीचा, 3-4 अंश लॉफ्टचा (डोक्याच्या तोंडाच्या कलाचा) आणि डोक्याच्या वजनात सुमारे 7 ग्रॅमचा फरक राखलेला असतो. म्हणूनच सात नंबरच्या क्लबने मारलेला चेंडू सहा नंबरच्यापेक्षा दहाएक यार्ड अलीकडे पडतो. नकलेत हे गणित विस्कटतं. दोन क्लब सारखेच जातात आणि मधल्या अंतराला क्लबच उरत नाही. नवशिका मात्र स्वतःच्या स्विंगला दोष देत बसतो, हे सगळ्यात वाईट.

तपासणी घरीच करा. आयर्न भिंतीला ओळीने टेकवा; मुठींची टोकं एकसारख्या पायऱ्यांनी उतरली पाहिजेत. टायटॅनियमच्या ड्रायव्हरला (सगळ्यात लांबचा फटका मारायच्या क्लबला), वजनाचे स्क्रू सोडून, लोहचुंबक चिकटला तर ते पोलाद समजा. न चिकटला तरी खात्री नको, ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही. डोकं आणि दांडी पिळून पाहा. कुरकुर ऐकू आली तर तो क्लब फिरवू नका. डोकं दांडीला चिकटवणारं एपॉक्सी (गोंद) सुटलं तर डोकं उडून माणसाला लागेल.

बजेट कमी असेल, तर पाच-सात वर्षं जुना अस्सल सेट घ्या, मुठी बदला. नियमात 14 क्लब चालतात, सुरुवातीला सात पुरतात.