रबरी हातजाळं: महाशीरसाठी घ्या, चिलापीला खर्च नको

लेकानं हे हातजाळं ऑनलाइन मागवलं तेव्हा मी हसलेच. 2,150 रुपये, आणि कशासाठी, तर धरलेला मासा परत पाण्यात सोडायला! आम्ही भिगवणकडचे भोई. आबांनी जन्मभर उजनीत जाळी टाकली. हाताशी आलेला मासा पाण्यात गेला तर आमच्यात ‘सुटला’ म्हणतात, ‘सोडला’ नाही.

लेक पुण्यात नोकरीला. रविवारी परवानगी काढून मुळशीकडे गळ टाकायला जातो. दोन महिने मीही सोबत गेले, म्हणून लिहितेय.

जाळी मऊ रबराची आहे, गाठी नाहीत. नायलॉनच्या गाठीत मासा उसळला की खवले निघतात, पर फाटतात, अंगावरची बुळबुळ पुसली जाते. ती बुळबुळ गेली की त्या जागी बुरशी धरते. हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक, पण संध्याकाळी बाजारात जाणाऱ्या माशाच्या बुरशीची काळजी कोण करणार? या जाळ्यातून तीन किलोचा महाशीर काढला, एक खवला हलला नव्हता. गळही रबरात गुंतत नाही, नाहीतर तो सोडवण्यातच मासा अर्धा होतो.

आता तक्रार. दांड्याचं लॉक तिसऱ्याच फेरीला अडकलं. भिजल्यावर जड होतं आणि धारेत हात ओढून घेतं. पडलं तर तरंगत नाही, सरळ तळाला. आम्ही दांड्याला रिकामी बाटली बांधलीय.

पण हे जाळं घेतलं म्हणजे पुण्य लागलं असं समजू नका. शेजारी तीन पोरं होती, त्यांच्याकडेही असलंच जाळं. महाशीर लागल्यावर कल्ल्यात बोटं घालून उचलला, कोरड्या खडकावर ठेवला, तिघांचे तीन मोबाइल. मी मनात आकडे मोजत होते, नव्वदवर थांबले. मग सोडला, तो शेपटी हलवत गेला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. अहो, दमलेला मासा आधी जातो, मरतो नंतर, खोल पाण्यात, कुणाला न दिसता. उन्हाळ्यात तर पाणी कोमट, प्राणवायू आधीच कमी. म्हणून एप्रिल-मेमध्ये आमचे गळ घरीच. एरवी गळाची उलटी नोक पकडीनं दाबून सपाट करायची, हात ओले करायचे आणि मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवून सोडवायचा. फोटो हवाच असेल तर माणसानं पाण्यात उतरावं.

आणि सोडायचं तरी काय काय? लेक सुरुवातीला चिलापीही (तिलापिया) सोडायचा. ती आफ्रिकेची. उजनीवर तिच्यावर कितीतरी घरं चालतात, आमचंही चाललं, पण म्हणून हातात आलेली परत नदीत कशाला? मी घरी आणली, रस्सा केला. तिला रबरी जाळं कशाला, जुनं नायलॉनचं बास.

महाशीरची गोष्ट वेगळी. तो इथलाच. साईक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं 1839 मध्ये त्याचं वर्णन छापलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पण याचीच लोणावळ्यात वाढवलेली पिल्लं पुढं कावेरीत सोडली. तिथं हा फोफावला आणि तिथला मूळचा कुबडवाला महाशीर मागं पडत गेला. 2018 पासून तो कुबडवाला आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. मग कावेरीत आपला महाशीर गळाला लागला तर सोडायचा की रस्सा करायचा? लेकाला विचारलं. तो म्हणाला, “आई, तू फक्त जाळ्याबद्दल लिही.”

बरं. जाळ्याला चार तारे. एक लॉकपायी कापला.